तीन नावांची बोट

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. हे कोणी वाचणार नाही, तरी लाज वाटते. चौथीपर्यंत शिकले, तीही कन्नड शाळेत. मराठी आईने घरी शिकवलं, म्हणून माझी अक्षरं अजून कन्नडसारखी गोल येतात.

नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही मारतहळ्ळीला खानावळ काढायचं ठरवलं. पैसे अक्कांनी दिले. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, याच शहरात बसवनगुडीला असतात. म्हातारपणासाठी ठेवलेले पैसे होते ते.

होसकोटेच्या बाहेर एकजण मोडीत निघालेल्या बोटींचं सामान विकतो. टेबलं, खुर्च्या, ताटल्या सगळं त्याच्याकडून घेतलं. एकाच बोटीचं आहे म्हणाला. टेबलांना चारी बाजूंनी बोटभर उंच काठ आणि खुर्च्यांखाली एकेक हूक. समुद्र खवळला की ताट मांडीवर येऊ नये म्हणून काठ, आणि खुर्ची जमिनीला बांधायला हूक. मला त्या काठाचा रागच आला, पुसताना कोपऱ्यात शितं अडकणार.

खानावळ उघडायच्या आदल्या दिवशी अक्का डबाभर चकल्या घेऊन बघायला आल्या. चष्मा लावून त्यांनी एक ताटली उलटी केली. तिच्यावर इंग्रजीत एक नाव होतं, खुर्चीच्या पाठीवर दुसरं आणि टेबलाखाली तिसरं.

"तीन बोटींचं भंगार तुला एक म्हणून विकलं," त्या म्हणाल्या. "चोरीचं असेल. उद्या पोलीस आले तर काय सांगशील? तुझ्या तोंडातून स्वतःचं नावसुद्धा निघत नाही."

सामान परत करा, माझे पैसे आणून द्या, खानावळीचं पुढे बघू, असं त्यांनी नवऱ्याला बजावलं. पुढे म्हणजे कधीच नाही, हे मला कळलं. नवरा खुर्च्या एका बाजूला लावायला लागला.

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी पुण्याची मुलगी तेवढ्यात पाणी मागायला आली. तिने ती नावं मोबाइलवर शोधली आणि आम्हाला वाचून दाखवलं. तिन्ही नावं एकाच बोटीची होती. कुठल्याशा थंड देशात बांधलेली. संध्याकाळी माणसं आणि मोटारी घेऊन निघायची, सकाळी समुद्रापलीकडच्या देशात पोचायची. आत जेवणघर, झोपायच्या खोल्या, नाचायला जागासुद्धा. बरीच वर्षं तीच जा-ये. मग मालकाने विकली. नव्या मालकाने नाव बदलून तिला उन्हाच्या देशात बेटांवर फिरवलं. पुन्हा विकली, पुन्हा नाव बदललं. शेवटी प्रवासी बंद झाले, ती नुसती बंदरात उभी असायची. मग गुजरातच्या किनाऱ्यावर आणून मोडली.

"मोबाइलवर काय, काहीही लिहितात," अक्का म्हणाल्या. "एका बोटीला तीन-तीन नावं कशाला लागतात?"

मी आत गेले. खानावळीसाठी सासूबाईंच्या स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं आणलं होतं. त्यांनी ते अक्कांच्या लग्नाआधी लेकीच्या नावाने घेतलं होतं, आणि दुकानदाराने ते नाव कन्नडमध्ये ठिपक्यांनी कोरलं होतं. लग्नात अक्कांचं नाव बदललं. चकल्यांच्या डब्यावर त्यांचं सासरचं नाव होतं. दोन्ही भांडी मी त्यांच्यापुढे ठेवली.

"अक्का, ही दोन बायकांची भांडी आहेत का?"

माझा आवाज मलाच मोठा वाटला. अक्का पातेल्यावरच्या नावावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"या नावाने हाक मारणारं आता कोणी राहिलं नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या. "इतकी वर्षं हे तोंड कुठे ठेवलं होतंस गं?"

सामान राहिलं. दुसऱ्या दिवशी खानावळ उघडली. येणारी पोरं तिला बोटच म्हणतात. सांबार सांडलं तर काठाशी थांबतं, कोणाच्या कपड्यांवर जात नाही. आता मी त्या काठावर रागवत नाही.

अक्कांचे पैसे जमेल तसे फेडत गेले. गेल्या महिन्यात शेवटचे घेऊन बसवनगुडीला गेले, पातेलंही घासून सोबत नेलं. अक्कांनी पैसे कपाटात ठेवले आणि पातेलं माझ्याकडे सरकवलं.

"हे राहू दे तुझ्याकडे, रोज लागतं," त्या म्हणाल्या. "पैसे सगळे आले. सरी, ठीक झालं, फिटलं."