मर धरून मोजलेली माणसं
फिनेलचा वास आला की द्वारका चौकाजवळचं ते हॉस्पिटल आठवतं. कॅन्सरच्या नव्या औषधाच्या चाचणीसाठी शेजारच्या काकांची सही हवी होती, आणि चाचणीवाल्यांच्या गोड बोलण्यावर माझा विश्वास नसल्याने मी सोबत गेलो होतो. "एवढीच माणसं का घेताय?" मी विचारलं. संशोधक म्हणाला, "औषधाचा फरक कळायला किती मृत्यू दिसावे लागतील, ते आधी काढतो. त्यावरून माणसं ठरतात." मी भडकलो, "म्हणजे मरणं धरूनच चाललात?" काकांसोबत आलेल्या, शेतात झेंडू लावणाऱ्या काकू मात्र शांतपणे म्हणाल्या, "काही रोपं मरणारच, ती मर धरूनच आम्हीबी जास्तीची टाकतो, साहेब. पण रोपाची सही नाय घेत." काकांनी सही न करताच पेन परत केलं. हा हिशेब अशा चाचण्यांत लागतोच, हे आता मला माहीत आहे. मग सहीच्या त्या चौदा पानी फॉर्मात तेवढाच का नव्हता?