अकराव्या पानावरची मोसंबी

धाकट्या बहिणीच्या रोपवाटिकेची वेबसाइट मी पहिल्यांदा शोधली तेव्हा ती अकराव्या पानावर सापडली. तीसुद्धा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून. नाहीतर अकराव्या पानापर्यंत कोण जातं? मी स्वतः वर्तमानपत्राच्या चौथ्या पानापुढे कधी गेलेलो नाही. 'मोसंबी रोपे' असं टाकलं की आधी मोसंबीच्या रसाचे फायदे यायचे, मग त्या रसानं उजळलेले चेहरे, मग नागपूरची संत्री. जालन्याच्या माणसानं मोसंबी शोधावी आणि त्याला संत्री दाखवावी, ह्यापरता अपमान नाही.

जालन्यात मस्तगडला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, निवृत्तीचे सत्कार, शुभेच्छांचे फलक. एवढ्या भांडवलावर आमच्या घराण्यात मी 'कॉम्प्युटरमधला' समजला जातो. कुणाचा टीव्ही लागेना, फोन मला. कुणाचा मिक्सर बंद पडला, तरी फोन मला. तेव्हा वेबसाइट चालेना म्हटल्यावर बहीण दुसऱ्या कुणाला फोन करणार?

साइट बांधली होती माझ्या मुलीनं. ती पुण्यात नोकरी करते. उन्हाळ्यात चार दिवस आली, आत्याकडे घनसावंगीला जाऊन रोपांचे फोटो काढले, साइट उभी केली आणि परत गेली. आत्याला तेव्हा हौस वाटली होती. पावसाळा लागला तेव्हा मात्र हौसेची गरज झाली.

झालं असं, की इतकी वर्षं बहिणीची सगळी रोपं एकच व्यापारी उचलायचा. त्यानं ऐन वेळी स्वतःची रोपवाटिका टाकली आणि 'ताई, यंदा जमणार न्हाई' असा निरोप धाडला. बहिणीकडे चार हजार कलमं तयार. जंबेरीचं, म्हणजे रानलिंबाचं बी टाकायचं, त्याची रोपं वाढवायची, त्यांवर मोसंबीचा डोळा भरायचा, फुटवे खुडायचे. दीड-दोन वर्षांची मेहनत असते ती. आणि रोप काही कपाटात ठेवता येत नाही. लागवडीचा हंगाम टळला की मूळ पिशवीच्या तळाशी गोल गोल गुंडाळायला लागतं. असं रोप वरून हिरवंगार दिसतं, पण जमिनीत गेल्यावर जोर धरत नाही. म्हणजे पाऊस सरायच्या आत रोपं गेली तर गेली, नाहीतर उकिरडा.

"दादा, तू काय ते बघ," ती म्हणाली. "मला मोबाइलमधलं काई कळत न्हाई."

मी मुलीला फोन लावला.

"बाबा, सर्च इंजिन काय पाहतं, तर तुमच्याबद्दल दुसरं कोण सांगतंय," ती म्हणाली. "दुसऱ्या चांगल्या साइटवर आत्याच्या साइटची लिंक असली की त्याला वाटतं, हे ठिकाण खात्रीचं दिसतंय. मग ते आपल्याला वर आणतं."

"म्हणजे ओळख लागते."

"ओळख नाही हो. कुणाला खरंच उपयोग झाला म्हणून त्यानं दिलेली लिंक. अशा दोन-चार मिळाल्या तरी पुष्कळ."

दोन-चार ऐकून मला पोरीची कीव आली. पुण्यात राहून माणसाचं मन असं लहान होतं. आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत नवरा-नवरी भिंगानं शोधावी लागतात, इतकी नावं असतात. निमंत्रक, विनीत, स्वागतोत्सुक, भाऊबंद, मित्रमंडळ, आणि तळाला 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी सात पोरं, त्यांतलं एक अजून पाळण्यात. एका पत्रिकेत एकशे चौदा नावं बसवून दाखवलेला माणूस मी. मला दोन-चार लिंका?

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. पाव्हण्यारावळ्यांत ज्याची ज्याची म्हणून वेबसाइट आहे, त्याला धरला. मेव्हण्याचं मंडप डेकोरेशन. चुलतभावाचे कोचिंग क्लास. थोरल्या मामांच्या मुलाचा दातांचा दवाखाना. एका साडूचं डीजे साउंड. दुकानासमोर टायरचं दुकान आहे, तो माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला नुसतं विचारलं, तर तो चहाचा कप माझ्याकडे सरकवत म्हणाला, "तुमची बहन ती आमची बहन. लगाव बराबर वर, एकदम पैल्या नंबरला." टायरच्या साइटवर, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या वर, मोसंबीची रोपं आली.

आता त्यांनी दिलं म्हटल्यावर आपण द्यायला नको? रिकाम्या हातानं परत पाठवायची आमच्याकडे रीत नाही. मी बहिणीच्या साइटवर, अगदी पहिल्याच पानावर, 'आमचे स्नेही' अशी चौकट टाकली, भोवती वेलबुट्टी काढली आणि सगळ्यांच्या लिंका ओळीनं लावल्या. तीन आठवड्यांत एकेचाळीस झाल्या. मी रात्री जेवताना बायकोला सांगितलं, "एकेचाळीस." ती म्हणाली, "भाकरी घ्या."

पहिला फोन थोरल्या मामांचा आला. रोपांसाठी नव्हे.

"का रे, टायरवाला वर आन् आम्ही खाली?"

"मामा, ते जसजसं आलं तसतसं लावलंय."

"मी तुझा सख्खा मामा हाय का न्हाई?"

"हाय ना मामा."

"मंग?"

मामांच्या मुलाचा दवाखाना वर घेतला. ते कळताच मेव्हणा म्हणाला, आम्ही लेकीकडचे म्हणून शेवटी का? मेव्हणा वर घेतला. पंधरा दिवस मी दुकानातली कामं बाजूला ठेवून मानपान बघत होतो. एका बाजूला पाऊस पडत होता आणि दुसऱ्या बाजूला चार हजार रोपं पिशव्यांत उभी होती.

मग बहिणीचा फोन आला. "दादा, आज एका शेतकऱ्यानं फोन केल्ता."

"बघ! मी म्हणलो न्हवतो?"

"तो इचारत व्हता, दाढ इथंच काढता का जालन्याला यावं लागंल."

मी लगेच अकरावं पान उघडलं. साइट नव्हती. बारावं, तेरावं, विसावं. नव्हतीच. मोसंबी सोडाच, संत्रीही संपून लिंबाचं लोणचं लागलं. घाबरून मुलीला फोन केला. तिनं तिकडे साइट उघडली.

"बाबा, ही लग्नपत्रिका कुणी लावली?"

"मीच. का?"

"तू मला दे, मी तुला देतो, अशा लिंका सर्च इंजिनला ओळखू येतात हो. टायर, डीजे आणि दात मोसंबीबद्दल काय सांगणार? त्याला वाटतं, हे लबाडी करतायत. सगळ्या काढा. आजच."

बोलणं सोपं. नाव लावण्यापेक्षा नाव काढणं किती अवघड असतं हे पुण्यात कळायचं नाही. चाळीस लोकांनी समजून घेतलं. टायरवाल्या दोस्तानं तर हात उडवून सांगितलं, "निकाल डालो यार, पैले बहन का काम." मामा मात्र थेट दुकानात आले. खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली.

"नाव काढलंस माझं. मी मेलो का?"

"मामा, तसं न्हाई. ते मशीन—"

"मशीनला काय ठावं मी कोण? तुझ्या आईच्या लग्नात पत्रिका वाटत मी सायकलवर अंबडला गेल्तो."

मी काही बोलणार तेवढ्यात बायको दुकानामागच्या घरातून चहा घेऊन आली. तिनं कप मामांच्या हातात दिला आणि म्हणाली, "मामा, खरं सांगू का? ह्यांच्या शहाणपणानं तुमच्या भाचीची रोपं पडून राह्यलीत. पाऊस सरला तर सगळी फेकावी लागतील."

मामांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली. "असं व्हय," ते म्हणाले. "मंग आधीच सांगायचं. ह्याला कुठं अक्कल हाय, पण तू तरी सांगायचं." टोपी घातली आणि गेले. महिनाभर जे मला जमलं नाही ते तिनं एका बशीत उरकलं.

अर्धा पावसाळा असा गेल्यावर मी बसनं घनसावंगीला गेलो. तोंड दाखवायला लाज वाटत होती, पण दाखवल्याशिवाय भागणार नव्हतं. बहीण रोपांच्या रांगांत बसून फुटवे खुडत होती आणि खांद्यात मोबाइल धरून कुणाशी तरी बोलत होती.

"न्हाई भाऊ, तुमच्या रानात पाणी साचतं म्हणता ना, मंग मोसंबी लावूच नका. डिंक्या रोग यील, खोडातनं डिंक गळंल अन् झाड बसंल. आधी चर काढा, पुढच्या साली बघा. … न्हाई न्हाई, माझ्याकडं हायेत रोपं, पण तुम्हाला देऊन काय करू?"

एक तर कधी नव्हे तो फोन आलेला, आणि ही त्याला हाकलतेय! मी कपाळावर हात मारला. "अगं, अशानं कोण घेणार तुझी रोपं?"

"मंग काय मरू देऊ त्याची झाडं?" ती म्हणाली आणि पुढची रांग धरली.

संध्याकाळी हा किस्सा मी मुलीला हसत हसत सांगितला. ती हसली नाही. "बाबा, हेच लिहा. आत्या जे फोनवर सांगते ना, तेच जसंच्या तसं."

दुसऱ्या दिवशी मी बहिणीसमोर लॅपटॉप घेऊन बसलो. ती खुडत होती, बोलत होती; मी टाइप करत होतो. रोप घेताना काय बघायचं. डोळ्याचा जोड जमिनीपासून वीतभर वर हवा. पानाची मागची बाजू उलटून बघा. चुनखडीच्या रानात काय करावं, चोपण, खारवट जमिनीत का लावू नये. आणि मग ती म्हणाली, "लिही. एक पिशवी फाडून दाखवा म्हणावं. मूळ तळाला गुंडाळलं असंल तर ते रोप घेऊ नका, कुणाचंबी असू द्या. आमचं असलं तरी."

माझी बोटं थांबली. "शेवटचं राहू दे की. उद्या तुझीच रोपं पडून राहिली तर?"

"राह्यली तर राह्यली."

"अगं, आपल्याच साइटवर आपल्याच रोपांना—"

"दादा, तू टायपिंग कर."

मी टायपिंग केलं. 'मोसंबीचं रोप घेऊ नका, आधी हे बघा' असं नाव देऊन टाकलं. वेलबुट्टी काढायचा मोह कसाबसा आवरला.

दहा-बारा दिवस काहीच झालं नाही. मग मुलीचा संदेश आला: भोकरदनकडच्या, पिंपळगाव रेणुकाईच्या एका शिक्षकांनी आपल्या पानाची लिंक दिली आहे. ते गावातल्या शेतकऱ्यांसाठी शेतीची माहिती लिहीत असत. आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नाही, त्यांच्या सात पिढ्यांत आमची सोयरीक नाही. त्यांनी नुसतं एवढंच लिहिलं होतं, की रोप विकणारीनंच हे लिहिलंय, तेव्हा वाचा. त्यांच्यावरून आणखी एकानं घेतलं. मग फळबागवाल्यांच्या एका मोठ्या साइटनं. सहाव्या पानावर आलो, तिसऱ्यावर, आणि एका दुपारी पहिल्यावर, संत्र्यांच्या वर. मी ते समोर नेऊन टायरवाल्याला दाखवलं. त्यानं आपल्या कारागिरालाही बोलावून दाखवलं.

फोन सुरू झाले. कुणी शंभर नेली, कुणी दोनशे. तरी निम्म्यावर रोपं उभीच होती, आणि पाऊस मागे हटायला लागला होता. त्या सुमारास मी पुन्हा घनसावंगीला होतो, तेव्हा भोकरदनकडून तिघं जण जीपनं आले. मोठी लागवड करायची होती त्यांना. त्यांतल्या थोरल्यानं मोबाइल काढला, चष्मा लावला आणि मीच टाइप केलेलं पान मोठ्यानं वाचायला लागला. जोड वीतभर वर आहे का, पाहिलं. पान उलटून पाहिलं. मग म्हणाला, "आता ताई, पिशवी फाडून दावा."

बहिणीनं समोरचं रोप उचललं आणि पिशवीवरून ब्लेडचं पातं ओढलं. माती सुटली; आत पांढरी, सरळ मुळं. माझा जीव भांड्यात पडला.

"आता मी सांगतो ते," तो म्हणाला आणि विहिरीकडच्या शेवटच्या रांगेत जाऊन एक रोप घेऊन आला. उंच, हिरवंगार. मला ती रांग माहीत होती. सगळ्यांत आधी भरलेली. मी बहिणीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, सरळ पिशवी फाडली.

मूळ गुंडाळलेलं होतं. दोराची चुंबळ असावी तसं.

"त्या कडंची घेऊ नका," बहीण म्हणाली. "ती मी काढूनच टाकणार व्हते. ह्या अंगाची घ्या."

तिघं जरा बाजूला जाऊन बोलले. मी जांभई आल्यासारखं करून आभाळाकडे बघत राहिलो. मग थोरला परत आला. "ह्या अंगाची सगळी भरा," म्हणाला. "अन् ताई, आमच्या मेव्हण्यालाबी लागणार हायेत, त्याला नंबर देतो."

जीप दोनदा भरली, दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. विहिरीकडची रांग मात्र आम्ही बहीण-भावानं पिशव्यांतून उपटून खड्ड्यात टाकली. तिनं तीनशे उपटली, मी साठ, आणि नंतरचे चार दिवस दुकानात मी उभ्यानं पत्रिका लावल्या.

घट बसले त्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज त्रासलेला.

"दादा, लोकं दिवसभर फोन करून राह्यलेत. मला घास घेता येईना. त्या साइटवर जल्दी लिही, रोपं न्हाईत म्हणून."

मी पहिल्या पानावरची साइट उघडली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: यंदा रोपं शिल्लक नाहीत.