रेलच्या वेळी

सुरतेत पुराला रेल म्हणतात. रेल आली, रेल उतरली, अमक्या वर्षाची रेल मोठी होती. लग्न होऊन इथे आले त्या पहिल्याच पावसाळ्यात शेजारीण "रेल आवशे, रेल आवशे" म्हणत धान्याचे डबे माळ्यावर चढवत होती, आणि मी भोळेपणाने विचारलं, "स्टेशनवर कुणाला आणायला जायचंय का?" ती पायरीवर बसून पोट धरधरून हसली. पुढे पंधरा वर्षं हा किस्सा मी माहेरच्या प्रत्येक लग्नकार्यात सांगितला. माझ्या हातून जे झालं ते हा किस्सा ठाऊक असूनही झालं, म्हणून ते आधी सांगून टाकते.

माझं माहेर साताऱ्याचं. वडील शाळेत मराठी शिकवत, आणि भाषेचा ताठा मी त्यांच्याकडूनच घेतला. माझी मुलगी "आई, जल्दी चाल ने" म्हणाली की मी तिला तिथल्या तिथे थांबवून वाक्य पुन्हा म्हणायला लावायची. यजमान बँकेतून येताना दोन गुजराती शब्द घेऊन आले तर त्यांचीही सुटका नसे. सुरतेत राहून आपलं मराठी मात्र घासूनपुसून लख्ख आहे, असं मला खरोखर वाटायचं. दिव्याखाली अंधार असतो, तो दिव्याला कुठून दिसणार?

मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. खाडीकाठचे मातीचे बांध आणि पावसाळ्यातलं पाणी हे आमच्या शाखेचं काम. सुरतेतली खाडी म्हणजे शहराच्या मधून वाहणारा मोठा ओढा. पलसाण्याकडचा पाऊस तिच्यात उतरतो, आणि पुढे भरती असली की पाण्याला वाट मिळत नाही, ते मागे वस्त्यांत चढतं. नव्वदीच्या मधली ती वर्षं. प्लेगने शहराची अब्रू गेली होती, आणि त्यानंतर जो तो साफसफाईच्या आणि पाट्या लावण्याच्या मागे लागला होता. त्यातच दिल्लीहून एक परिपत्रक आलं. बांधांच्या आडोशाला राहणाऱ्या लोकांना धोक्याची सूचना त्यांना समजेल अशा भाषेत द्यावी, असा त्याचा मतलब होता. डिंडोलीकडच्या बांधामागे सगळी खानदेशातून आलेली माणसं राहत. पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलांत कामाला जाणारी.

साहेब माझ्या टेबलाशी आले. "बेन, तमे तो मराठी छो ने? आटलुं लखी आपो ने." हातात गुजराती मजकूर होता, तो मराठीत करून हवा होता: रेल वखते पाळा उपर अवरजवर करवी नहीं.

मी पेन काढलं. 'पाळा' हा काय शब्द झाला? खोडला, 'बांध' लिहिलं. 'अवरजवर' खोडून 'येजा' केलं. 'करवी नहीं'चं 'करू नये' झालं, चांगलं साताऱ्याला शोभेल असं. रेलच्या वेळी बांधावरून येजा करू नये. दोनदा वाचलं आणि मलाच आवडलं. साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर कागद वर धरून माझी तारीफ केली. रेल तशीच राहिली होती. पंधरा वर्षांत तो शब्द माझ्या जिभेवर इतका मुरला होता की तो परका आहे हे मला दिसलंच नाही.

पाटी उभी करायला जीप निघाली तेव्हा साहेब म्हणाले, तुम्हीही चला, रंगारी अक्षरं बरोबर रंगवतोय का बघा. मी गेले नाही. घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, आंब्याची डाळ वाटायची होती, पन्हं करायचं होतं. गेले असते तर एका नजरेत कळलं असतं. कारण बांध जिथे रेल्वेच्या पुलाला येऊन मिळतो तिथे, रुळांपासून वीस पावलांवर, त्यांनी ती पाटी ठोकली.

हे मला कळलं ते आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींकडून. त्या डिंडोलीच्या त्याच वस्तीत राहायच्या. नवरा मिलमध्ये कापड रंगवण्याच्या मशीनवर उभा असे. तो चौथीपर्यंत शिकलेला, वस्तीतली पत्रं वाचून दाखवायचा. एका सकाळी कढई घासता घासता मावशी कौतुकाने म्हणाल्या, "ताई, आमनाकडे बांधवर नवी पाटी लाई दिधी. रेल येस तवय बांधवरतून जावानं नही, अशी लिखेल शे. आमना मालक म्हणतस, रेल्वेवालास्ले उशिरा का व्हयेना, अक्कल उनी!"

रेल्वेवाल्यांना अक्कल आली म्हणे! सगळं लख्ख समजलं. पाटीवर रेल, शेजारी रूळ, आणि वाचणारा भुसावळकडचा माणूस. तो दुसरं काय समजणार? मीही एकदा तेच समजले होते.

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. "अहो मावशी, रेल म्हणजे पूर," एवढे चार शब्द. पण ते बोलले असते तर पाटी कुणी लिहिली हे निघालं असतं, आणि आमच्या पोरीला शब्दाशब्दाला टोकणारी ताई स्वतः काय लिहून बसली हे मावशींना कळलं असतं. भांडी घासणाऱ्या बाईसमोर खाली बघायची माझी तयारी नव्हती. हे असं लिहिताना आजही लाज वाटते, पण तेव्हा होतं ते हेच. आणि ऑफिसात? ज्या साहेबांनी कागद वर धरून दाखवला त्यांना जाऊन सांगायचं की पाटी पुसा? मी मनाशी म्हटलं, पावसाळा लांब आहे, उद्यापरवा सांगू. मग साहेब रजेवर गेले. मग मुलीची शाळा सुरू झाली. मी मूग गिळून बसले ती बसलेच.

पाणी आलं ते भरदुपारी. दोन दिवस पाऊस कोसळत होता आणि खाडी बांधाच्या काठाला लागली होती. आमच्या ऑफिसात फोन खणखणत होते. मावशींचा नवरा पहिली पाळी संपवून पांडेसऱ्याहून पायी घरी निघाला होता. पुलाशी आला, पाटीपाशी थांबला. त्या दिवशी रुळांवर पुढे कुठेतरी पाणी असल्याने गाड्या सकाळपासून बंद होत्या. तो बांधावर चढला. वळणावरचा बांध घुशींनी पोखरलेला होता, हे आमच्या फायलीत होतं. तिथेच माती बसली आणि तो दगडांसकट खाली गेला. वस्तीतल्या माणसांनी दोर टाकून त्याला ओढून काढलं. जीव वाचला, पण पाय मांडीपाशी मोडला, आणि हाड नंतर कधी नीट बसलं नाही.

मी डबा घेऊन दवाखान्यात गेले. वरण-भात, आणि त्याला आवडतात असं मावशी म्हणाल्या होत्या म्हणून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी, माझ्या हातच्या, वेड्यावाकड्या. तो मला बघून उठायला गेला. माझ्यासाठी! मी नको नको म्हटलं. तो आपणहून सांगू लागला, जसं काही मी जाब विचारायला आले होते.

"गाडी तं उनी नही, ताई. मी दोन्हीकडे दखं. बराच येळ उभा ऱ्हायनू. मंगच निघनू."

तो पावसात उभा राहिला होता. पाटीचा मान राखून, दोन्ही बाजूंना बघत, न येणाऱ्या गाडीची वाट बघत. बिनशिस्तीचा माणूस असता तर धावतच पलीकडे गेला असता, कदाचित माती बसायच्या आत. हा विचार मला अजून सोडत नाही.

मिलमध्ये आठ तास उभं राहायचं काम, ते आता त्याला शक्य नव्हतं. मावशींनी मला सरकारी मदतीचा अर्ज लिहून द्यायला सांगितलं, तुम्ही ऑफिसातल्या, तुम्हाला बरोबर येईल म्हणून. मी लिहून दिला, गुजरातीत, व्यवस्थित. बांध खचला हे लिहिलं. घुशींचंही लिहिलं. पाटीबद्दल एक ओळ लिहिली, पुन्हा वाचली, आणि तो कागद फाडून दुसरा घेतला.

अर्ज फिरत फिरत आमच्याच शाखेत आला. उत्तराचा मसुदा टाइप करायला माझ्या टेबलावर. अर्ज नामंजूर, कारण बांधावरून जाऊ नये ही सूचना रहिवाशांच्या मातृभाषेत लावलेली होती. दिल्लीच्या कागदात 'समजेल अशा भाषेत' असं होतं, हे मला पाठ होतं. साहेबांच्या दारापर्यंत मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्यांनी वर बघून "शुं छे, बेन?" असं विचारलंही. मी म्हटलं, कार्बन संपलाय. परत येऊन पत्र टाइप केलं, एकही खाडाखोड न करता.

पुढच्या उन्हाळ्यात रंग उडाला असं सांगून मी ती पाटी नव्याने रंगवून घेतली. पूर आला असता बांधावरून जाऊ नये. या वेळी जीपमधून स्वतः गेले, उन्हात उभी राहिले, रंगारी शेवटचं अक्षर काढेपर्यंत हलले नाही. पण तोवर मावशींची डिंडोलीची खोली रिकामी झाली होती.

दिवाळीनंतरच ते दोघं गावी परत निघाले होते. जायच्या दिवशी मावशी घरी आल्या. मी साडी-चोळी दिली, ओटी भरली. त्यांनी माझ्या मुलीच्या तोंडावरून हात फिरवला. चपला घालताना थांबल्या.

"ताई, दवाखानामा एक जण सांगे, आठे सुरतमा रेल म्हंजे पूर. मंग मराठीमा पूर का नही लिखं? ज्यानी ती पाटी लिखी त्याले मराठी येत नही व्हई."

मुलगी दारातच उभी होती, माझ्याकडे बघत. तिला ठाऊक होतं. पाटीचा कागद मी मोठ्या कौतुकाने तिलाच आधी वाचून दाखवला होता.

मी म्हटलं, "हो ना. कोणी गुजराती असेल."

"तेच तं," मावशी म्हणाल्या. "आपला माणूस असं लिखाव नही."

मी मान डोलावली.