बडग्याच्या अंगातला शर्ट

बडग्याच्या अंगात माझ्या नवऱ्याचा शर्ट होता. हळदी रंगाचा, चौकडीचा, खिशाखाली निळ्या शाईचा डाग असलेला. तो डाग मी लिंबू-मीठ लावून किती घासला होता, गेला नव्हता. कोपराचं ठिगळही माझ्याच हातचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. आदल्या दिवशी दाराला खोचलेली पळसाची डहाळी गल्लीच्या टोकाला टाकून यायची म्हणून मी बाहेर पडले, तर मंडळाच्या मांडवात हा उभा. पाय बांबूचे, डोकं कागदाच्या लगद्याचं आणि अंगात आमच्या घरचा शर्ट.

बाहेरगावच्या माणसाला मारबत समजावून सांगताना मला नेहमी राग येतो, कारण तो हसतो. त्यात हसण्यासारखं काही नाही. काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मारबती, म्हणजे बायकांचे पुतळे, मिरवणुकीने निघतात, त्यांच्या मागेपुढे मोहल्ल्यामोहल्ल्याचे बडगे. बडग्या म्हणजे वर्षभर ज्याने लोकांना छळलं त्याचा पुतळा. महागाईचा, लाचखोरीचा, रोगाचा, कधी सीमेपलीकडच्या शत्रूचा. एकाने छळणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी ओरडायचं, "घेऊन जा गे मारबत!" मग गावाबाहेर नेऊन जाळून टाकायचं. दुसऱ्या शहरांतले लोक राग आला की पेपरला पत्र लिहितात. आम्ही कपडे घालून त्याला रस्त्यावर आणतो. मला हे फार आवडतं. लग्न होऊन महाल भागात राहायला आले तेव्हापासून मी आणि माझा नवरा आमच्या गॅलरीतून घसा बसेपर्यंत ओरडत आलो आहोत. तो नाव घ्यायचा, मी पुढचं ओरडायचे. दिल्लीवाल्यांना, मुंबईवाल्यांना, तेलाच्या भावाला, कुणाला म्हणून आम्ही सोडलं नाही.

यंदाचा बडग्या मात्र दिल्ली-मुंबईचा नव्हता, गल्लीचाच होता. उन्हाळ्यात आमच्या नळांना वास यायला लागला. आधी कुणी मनावर घेतलं नाही, मग घराघरात पोटं बिघडली, आणि समोरच्या काकूंच्या नातीला कावीळ झाली. पोरगी दवाखान्यात होती तेव्हा काकू संध्याकाळी डबा घेऊन जायच्या आणि कुणाशी बोलायच्या नाहीत. नात घरी आली, पण अजून तिच्या गालावर मांस चढलेलं नाही. पाइप पावसाळ्यात बदलली एकदाची. मंडळाने तेव्हाच ठरवून टाकलं होतं, यंदा बडग्या पाण्याचा.

आणि माझा नवरा पाण्याच्या खात्यात आहे.

साहेब नाही, मधला माणूस. वरच्यांचं ऐकायचं आणि खालच्यांचं ऐकून घ्यायचं, अशी नोकरी. गल्लीत त्याला सगळे ओळखतात, आणि हा शर्टही ओळखतात, कारण दर सोमवारी तो हाच घालून कामावर जायचा. त्याला तो शुभ वाटायचा म्हणे. आता तो शर्ट बडग्याच्या अंगात होता, आणि बडग्याच्या छातीवर पाटी होती: 'नळातून गटार पाजणाऱ्याला घेऊन जा गे मारबत'.

हे कसं झालं, ते मला लगेच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. बडग्यासाठी मंडळवाले दरवर्षी घरोघरी जुने कपडे मागतात. मी दाराशी एक पिशवी भरून ठेवली होती, फाटका परकर, पडद्याचे तुकडे, विटलेली चादर. धुवून वाळलेले कपडे तिथल्याच खुर्चीवर पडलेले असतात. तिथूनच शर्ट पिशवीत गेला असणार. माझा वेंधळेपणा, आणि त्याची किंमत माझा नवरा भरणार, या विचाराने मला रडू यायला लागलं. रडू आलं की मी भांडते.

मंडळाचा अध्यक्ष आमच्याच गल्लीत मोबाइल दुरुस्त करतो. तो बडग्याला मिशी रंगवत होता.

"हा शर्ट काढा आधी," मी म्हटलं.

"काहून जी वहिनी? तुमच्याच घरून तर आला."

"चुकून आला. ह्यांचा आहे तो. ह्यांचा! आणि पाटीवर काय लिहिलंय बघा."

त्याने शर्टाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि ब्रश तसाच हातात धरून उभा राहिला. "बाप्पा! हे तर लक्षातच नाही आलं. पण आता काढता नाही येत न वहिनी. खळ लावून चिकटवला. ओढला तं हातच निघून येईन. अन् ढोलवाले येऊन राहिले."

मांडवाबाहेर दोघं-तिघं जमले होते. एक जण हसला. "अरे, हा तं आपला पाणीवाला दिसून राहिला!" आणि त्याने मोबाइल वर केला. गल्लीच्या ग्रुपवर हा फोटो जायला कितीसा वेळ लागतो! दुपारपर्यंत कन्हानला माझ्या नणंदेकडे पोचला असता, संध्याकाळपर्यंत ह्यांच्या ऑफिसात. मी फोटो काढणाऱ्याच्या आणि बडग्याच्या मधे जाऊन उभी राहिले. काय दिसत असेन कोण जाणे, एका हातात पळसाची डहाळी, केस विंचरलेले नाहीत, आणि मी एका पुतळ्याची अब्रू राखते आहे!

अध्यक्ष बिचारा चांगला आहे. त्याने पोतं आणून दिलं, मी म्हटलं पोतं नको, ते आणखी वाईट दिसेल. धावत घरी गेले. नवरा आरशासमोर उभा राहून दाढी करत होता. हल्ली तो फारसा बोलत नव्हता, काकूंची नात दवाखान्यात गेल्यापासून तर नाहीच. मी समजत होते, ऑफिसचा ताप.

"कुठे निघालात?"

"खाली."

"खाली नका जाऊ. गॅलरीतून बघू ना, दरवर्षीसारखं."

त्याने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "तू एवढी धापा काहून टाकून राहिली?"

मी कपाटातली हिरवी चादर ओढली आणि पुन्हा पळाले.

चादर मी बडग्याच्या खांद्यावरून शालीसारखी घेतली, पुढे गाठ मारली, पाटी तेवढी बाहेर ठेवली. कोपराचं ठिगळ झाकलं, डाग झाकला. ढोल गल्लीच्या तोंडाशी वाजायला लागले होते. आता फक्त बडग्या गल्लीतून निघून मोठ्या रस्त्याला लागू दे, गर्दीत एकदा मिसळला की कुणाचा शर्ट आणि कुणाचं काय, असं मी मनात घोकत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काहून झाकून राहिली वं त्याले?"

समोरच्या काकू. नातीचा हात धरून उभ्या. मी काहीतरी बोलले, थंडी वाजते त्याला, असलं काही. भाद्रपदाच्या उकाड्यात! काकू हसल्या नाहीत. त्यांनी चादरीचं टोक उचललं, शर्ट पाहिला, आणि सोडून दिलं.

"एक गोष्ट विचारू का तुले? तुमच्या घरी पाणी उकळून पेतेत न?"

"हो. ह्यांच्या पोटाला जमत नाही."

"कधीपासून नाही जमत?"

होळीपासून. मला आठवत होतं, कारण होळीच्या पोळ्या चालल्या होत्या आणि नवरा स्वयंपाकघरात येऊन म्हणाला होता, यापुढे पाणी उकळून घेत जा, माझ्या पोटाला जमत नाही. तेव्हापासून गॅसवर पातेलं चढलेलंच. काकू साखर मागायला आल्या तेव्हा त्यांनी ते पाहिलं होतं, विचारलंही होतं, आणि मी हेच उत्तर दिलं होतं. नळाला वास यायला लागला तो त्यानंतर कितीतरी दिवसांनी.

"पोट त्याचं बिघडलं होतं का नळ, तेवढं सांग मले," काकू म्हणाल्या.

मला इतका संताप आला की काय सांगू. काकूंचाच आला. सणाच्या दिवशी, चारचौघांत, माझ्या नवऱ्यावर आळ घेतात म्हणजे काय? मी भांडायला तोंड उघडलं, आणि मनात होळीपासूनचे दिवस मोजायला लागले. माझा जीव आतापर्यंत शर्टासाठी टांगणीला लागला होता. त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली की शर्ट बरोबर माणसाच्या पुतळ्याला चढला आहे.

लोक बाजूला झाले, कारण नवरा येत होता. अर्धी दाढी राहिलेली, कानाजवळ साबण. तो सरळ बडग्यापाशी गेला आणि मी मारलेली गाठ सोडायला लागला.

"अहो, राहू द्या," मी म्हटलं. "चुकून गेला शर्ट. माझ्या हातून गेला."

"तुझ्या हातून नाही गेला." गाठ सुटली. त्याने चादर घडी करून माझ्या हातात दिली, घरी देतो तशी. "मीच दिला. हे मंडळवाले कपडे मागाले आले तवा तू आंघोळीले गेली होती. मी विचारलं, यंदा विषय काय आहे. अन् मंग दिला."

कपडे न्यायला आलेल्या मंडळाच्या पोराने मान डोलावली. विचारलं होतं खरं.

मग नवरा काकूंकडे वळला. "काकू, होळीच्या आधीच मले माहीत झालं होतं. आपल्या गल्लीतली पाइप गटाराजवळ खचली आहे म्हणून. वर सांगितलं. ते म्हणाले, आत्ता बोंबलू नका, पावसाळ्यात बघू. मी गप बसलो. घरी सांगितलं उकळून प्या. गल्लीले नाही सांगितलं."

ढोलवाले मांडवाशी येऊन थांबले होते. कुणीतरी त्यांना हाताने खूण केली, थांबा. मघाचा मोबाइल अजून वरच होता. मला वाटलं, आता काकू माझ्या नवऱ्याच्या कानाखाली वाजवतील. वाजवाव्यात असंही वाटलं. आमच्या घरातलं पातेलं रोज उकळत होतं आणि समोरच्या दारात पोरगी पिवळी पडत होती, आणि मी त्या पातेल्यावर झाकण ठेवत होते, मला माहीत नसताना. मला फसवून त्याने मला त्यात घेतलं होतं. हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

काकूंनी हात उचलला नाही. नातीला स्वतःच्या पुढ्यात उभं केलं आणि म्हणाल्या, "मंग ओरड न गा. दरवर्षी ओरडते तसा ओरड."

त्याने बडग्याकडे तोंड केलं. घसा खाकरला.

"नळाचं गढूळ पाणी..."

दरवर्षी पुढचं सगळी गल्ली ओरडते. कुणी ओरडलं नाही. आवाज तसाच अधांतरी राहिला. तो पुन्हा ओरडला, या वेळी आवाज फाटला. "नळाचं गढूळ पाणी...!"

आणि त्याने सवयीने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं पुढचं मी ओरडत आले होते ना.

मी ते ओरडले नाही. चादर छातीशी धरली आणि जेवढा म्हणून आवाज होता तेवढा काढून माझं वेगळंच ओरडले.

"पोटाला जमत नाही...!"

गल्लीतल्या कुणाला काही कळलं नाही. एक जण हसलाही. पण काकूंना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि नातीच्या खांद्यावरचा हात न काढता पुढचं त्या ओरडल्या.

"घेऊन जा गे मारबत!"

मग सगळेच ओरडले. ढोल वाजायला लागले, बडग्या चार खांद्यांवर चढला, आणि त्याच्या मागून माझा नवरा बनियनवर, कानाला साबण लागलेला, मोठ्या रस्त्याकडे चालत गेला.