रिपोर्ट ऐकायला घरचं माणूस

शंकर नगरच्या त्या दवाखान्यात काउंटरवरच्या पोट्टीनं माझं नावही विचारलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "साथ में कौन है?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

तिनं आधी माझे पांढरे केस बघितले, मग माझ्या मागे बघितलं. कोणीतरी गाडी लावून येतच असेल असं तिला वाटलं असावं. "ठीक है, आने दीजिए, फिर भेजती हूँ," म्हणाली. अगं बाई, येणार कोण? बूढ़ापाऱ्याच्या घरून मी एकटीच रिक्षानं आले होते आणि एकटीच परत जाणार होते. लग्न केलं नाही, आईवडील गेले, भाऊ गेला. राहिला भावाचा पोरगा, तो बंगळुरूला. मी जरा आवाज चढवला तेव्हा तिनं मला आत सोडलं.

छातीत गाठ लागली होती. तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता आणि त्या दिवशी रिपोर्ट यायचा होता. डॉक्टर तरुण होता, सभ्य होता, बोलायला गोड. रिपोर्टचं पाकीट समोर पडलेलं आणि त्यावर त्यानं हात ठेवलेला.

"रिपोर्ट आलाय का?" मी हिंदीत विचारलं.

"हाँ मैडम. आप घर से किसी को बुला लीजिए, फिर बैठ के बात करते हैं."

"गाठ माझी आहे. मलाच सांगा."

"बताएँगे ना. घर का कोई रहे तो अच्छा रहता है."

आता घरचं माणूस लागतं म्हणजे बातमी वाईट, एवढं तर शेंबडं पोरही ओळखेल. पण किती वाईट? पुढे काय करायचं? किती दिवस हातात आहेत? ते मला पाहिजे होतं, आणि ते त्याच्या तळहाताखाली होतं. मी विचारलं, तुमच्याकडे असा नियम आहे का? तो बिचारा हसला. "नियम नहीं है मैडम. यहाँ ऐसा ही चलता है."

माझं डोकंच फिरलं. कारण जन्मभर मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, आणि शेवटची काही वर्षं तर नेमका हाच विषय: जैवनीतिशास्त्र. पोरांना बायोएथिक्स या इंग्रजी नावाची भीती वाटायची म्हणून मी फळ्यावर त्याचे दोन तुकडे करायची. बायोस आणि एथोस. शब्द ग्रीक, पण जोडला गेला अलीकडे, विसाव्या शतकात. ग्रीकांजवळ जगण्याला दोन शब्द होते. झोए म्हणजे नुसतं जिवंत असणं, जे मुंगीत आहे, बुढा तलावातल्या मासोळीत आहे आणि तुमच्या-आमच्यात आहे. बायोस म्हणजे एका माणसानं जगलेलं त्याचं आयुष्य, जे दुसऱ्या कोणाचं असू शकत नाही. या शास्त्राच्या नावात बायोस आहे, पोरांनो, झोए नाही, ध्यानात ठेवा. दवाखान्यात खाटेवर नुसता श्वास पडलेला नसतो, एक आयुष्य पडलेलं असतं, आणि त्याचा धनी तोच. मग मी स्वायत्ततेवर यायची. तोही मूळचा ग्रीकच शब्द: आपल्यापुरता कायदा आपणच करणं. रोग्याला खरं सांगा, आधी त्याला सांगा, मग नातेवाइकांना. हे मी इतकी वर्षं इतक्या तावातावानं सांगितलं, की मागच्या बाकावरची पोरंही उत्तरपत्रिकेत तेच लिहायची.

एथोसवर मात्र मी भरभर बोलून पुढे जायची. एथोस म्हणजे स्वभाव, आणि त्याचाच सख्खा भाऊ म्हणजे सवय, रीत. फार जुन्या ग्रीकमध्ये तर जनावरं सवयीनं परत येतात त्या जागेला हा शब्द लावत. रीत म्हणजे काय, आपोआप चालते, तिच्यात शिकवण्यासारखं ते काय, असं मला वाटायचं. आणि आता तीच रीत टेबलापलीकडे बसून मला म्हणत होती, इथे असंच चालतं.

मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि भाच्याला फोन लावला. तो मराठी समजतो, बोलतो हिंदीत. सगळं ऐकून म्हणाला, "आत्या, मैं आ जाऊँ क्या?" त्या 'क्या'मध्ये सुट्टीची अडचण होती, पोरांच्या परीक्षा होत्या, विमानाचं तिकीट होतं.

"नको रे. काहून येतोस? मी पाहून घेतो म्हटलं ना."

"पक्का ना?"

"पक्का."

फोन ठेवला आणि पर्समध्ये जोरात कोंबला. रागानं की कशानं, देव जाणे. शेजारी एक बाई बसली होती. भनपुरीहून सासूची औषधं न्यायला आली होती, आणि माझं सगळं बोलणं तिनं कान देऊन ऐकलं होतं. ती काही विचारायच्या आत दारातून शिपाई ओरडला, माझं नाव घेऊन, कोणी आलं का म्हणून.

"हव, मैं हँव न," ती बाई उठली. "एखर बड़े बहिनी आँव."

मोठी बहीण! माझ्याहून चांगली दहा-पंधरा वर्षांनी लहान असेल. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत माझा हात धरून ती आत शिरलीसुद्धा. डॉक्टरनं तिच्या वयाकडे बघितलंच नाही. त्याला घरचं माणूस पाहिजे होतं, ते मिळालं. त्याचा चेहरा सैल झाला, हात पाकिटावरून निघाला, आणि तो बोलायला लागला. तिच्याशी. "इनको कैंसर है. ऑपरेशन लगेगा. इनको ज़्यादा टेंशन मत देना." मी तिथेच बसले होते, हातभर अंतरावर, आणि माझ्या आयुष्याची हकीकत एका अनोळखी बाईच्या तोंडाकडे बघून सांगितली जात होती. मी तोंड उघडणार होते. चांगलं फाडून बोलणार होते.

तेवढ्यात ती रडायला लागली. नाटक नाही, खरंखुरं, पदरात तोंड खुपसून. खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, "अहो, असं काय, होईल सगळं नीट," असं काहीबाही म्हणत राहिले. आणि लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटलं. माझ्यासाठी कोणीतरी रडत होतं. बाहेर आल्यावर तिनं डोळे पुसले, औषधांची पिशवी उचलली आणि बस निघून जाईल म्हणून लगबगीनं गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मग आठवडाभर मी घरात एकटीच त्या शब्दाशी बसून होते. चहा करायचा, विसरायचा, परत गरम करायचा. कोणाचा फोन आला तर बरी आहे म्हणायचं. कॅन्सर हा शब्द मी त्या दिवसात एकदाही मोठ्यानं उच्चारला नाही. उच्चारायचा कोणाजवळ?

ऑपरेशनचं ठरवायला परत गेले तेव्हा डॉक्टरनं आधी माझ्या मागे दाराकडे बघितलं.

"दीदी नहीं आईं आज?"

खोटं बोलण्याच्या नैतिकतेवर मी पोरांना अख्खं प्रकरण शिकवलं आहे. मी म्हटलं, "आली आहे. बाहेर बसली आहे."

"अच्छा, अच्छा." त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून सगळं सांगितलं. किती कापावं लागेल, हाताला सूज कशी येते, केस कधी जातात, परत उगवतात का, वाचायची शक्यता किती. मी विचारलं तेवढ्याची उत्तरं दिली, घाई केली नाही. पहिल्या दिवशी ज्यासाठी भांडले होते ते सगळं जसंच्या तसं मिळालं. मी मान डोलवत होते आणि माझी नजर सारखी मागच्या रिकाम्या दाराकडे जात होती.

उठताना तो म्हणाला, "बाहर दीदी को भी समझा दीजिएगा."

"हो," मी म्हटलं.

बाहेर बाकावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर एक्स-रेची पिशवी घेऊन. मी तिला कधी बघितलं नव्हतं. तिच्या बाजूला जाऊन बसले आणि माझ्या तोंडून आईच्या घरातली मराठी बाहेर पडली, "बाई, मले लय भेव लागून राहिलं."

तिला मराठी कुठली यायला! तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे सरकली आणि म्हणाली, "का होगे, दीदी?"

मी तिला सगळं समजावून सांगायला लागले.