गुळाच्या डब्यातली मतं

त्या दुपारी घरात आम्ही एवढे होतो: मी, माझ्या सासूबाई, शेजारची कानडी गंगक्का, मशीनवर कोट शिवणारे आमचे हे, आणि आमच्याकडे राहून कॉलेजात शिकणारा माझ्या नणंदेचा मुलगा. दुसऱ्याचं डोकं फिरवावं तर त्यानंच, तसा दुसरा माणूस कानडी मुलखातल्या आमच्या अख्ख्या शिवाजीनगरात नव्हता. देशातलं पहिलं इलेक्शन जवळ आलं तसं ते पोर रोज माझे डबे रांगेत मांडायचं, शिलाईच्या चिंध्यांची छत्री, दिवा, घंटा कापून त्यांवर चिकटवायचं, आणि आम्हा बायकांना मत टाकायला शिकवायचं. तेव्हा दर उमेदवाराची पेटी वेगळी असायची ना. डब्यांच्या जागाही रोज बदलायचा. सासूबाई मात्र फिरून फिरून गुळाच्याच डब्यात चिठ्ठी टाकायच्या.

"आजी, खूण बघ, डबा नको!"

"गुळाला काय झालंय रे मेल्या?"

भाषण करायचा तेही सगळ्यांच्या बाजूनं. छत्रीवाला किती चांगला म्हणून आम्ही माना डोलवतोय, तोवर हा दिवेवाल्याकडनं बोलायला लागायचा. गंगक्का वैतागायची. "अय्यो, स्वल्प, जरा नीट सांग की रे. कुणाला टाकू?"

"ते तुम्ही ठरवायचं, अक्का."

"मग तू कॉलेजात जाऊन शिकलास काय?"

त्याला स्वतःला मत नव्हतंच, वय बसत नव्हतं. वर कॉलेजात बजावलेलं, राजकारणात दिसलास तर पटावरनं नाव काढून टाकू. नाव गेलं की वडील कोलारच्या कापडदुकानात बसवणार, हेही ठरलेलं. म्हणून हे सगळं माझ्या चुलीपाशी, दार लोटून.

त्या दुपारी दार ढकलून आले ते त्याचेच मास्तर, कोटाचं माप द्यायला. पोर हातात लाटणं घेऊन घंटेवाल्याचं भाषण ठोकत होतं. गंगक्का म्हणाली, "या सर, तुम्हीपण टाका एक चिठ्ठी." मास्तर हसले. माप दिलं, कॉफी घेतली, गेले. आम्हाला वाटलं, सुटलो. त्याच आठवड्यात पोराचं नाव पटावरनं निघालं. हसलेल्या माणसानंच सांगितलं, की आणखी कुणी, मला अजून उमगलं नाही.

वडील आले, ट्रंक उचलली. पोर पाया पडलं. "मामी, मत टाकायला जा हं."

गेले. मी पेट्यांवरच्या खुणा एकेक करून बघितल्या. टाकलं मत. बरोबर टाकलं की चूक, विचारणार कुणाला? तो पोरगा पुढं जन्मभर दुकानात कापड मोजत राहिला.

त्याच्याकडं झेंडा नव्हता, घोषणा नव्हती, खुर्ची तर नव्हतीच. मग राजकारण म्हणतात ते यात कुठलं? तुमच्या घरात असं शिकणारं पोर असेल तर त्याला बोलू द्या, आणि त्याचं कॉलेज तेवढं सुटू देऊ नका.