मास्तरांनी निवडलेलं मीटर

सर्दी असताना पाण्याखाली जाऊ नये, हे मास्तर आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवत आले आणि शेवटी स्वतः सर्दी असतानाच खाली गेले. शिकाऊंची तुकडी बोटीवर तयार बसली होती, त्यांना न्यायला दुसरं कुणी नव्हतं, आणि नाक जरा चोंदलंय एवढ्यासाठी मागे फिरणं मास्तरांना कमीपणाचं वाटलं. खाली डाव्या कानात काहीतरी फाटल्यासारखं झालं. वर आले तेव्हा बोट गरगर फिरत होती. फिरत होतं ते आपलं डोकं, हे नंतर कळलं.

कानाच्या डॉक्टरने सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, "डाव्या कानाने आता फारसं ऐकू येणार नाही. आणि पाण्याखाली जायचं नाही. पोहण्याच्या तलावातसुद्धा डोकं बुडवायचं नाही."

"किती दिवस?" मास्तरांनी विचारलं.

"दिवस नाहीत," डॉक्टर म्हणाला. "कायमचंच."

त्यानंतर धंदा बायकोवर आला. ती आधी त्यांची विद्यार्थिनी. 'सर'चं 'अहो' होऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी पाण्याच्या बाबतीत शेवटचा शब्द सरांचाच असायचा. आता तीच तुकड्या घेऊन जाऊ लागली आणि मास्तर दुकानामागच्या कॉम्प्रेसरच्या खोलीत हवेचे सिलिंडर भरू लागले. धक्क्यावर तिला सगळे मॅडम म्हणायचे. गिऱ्हाइकं फोनवर विचारायची, मॅडम स्वतः येणार ना? मास्तर म्हणायचे, हो, येणार.

मास्तरांची थोरली बहीण मागच्याच गल्लीत राहायची. तिने एकदा भाजी निवडता निवडता म्हटलं, "कानामागून आली आणि तिखट झाली." मग आपण कुणापुढे कानाचं नाव काढलं ते ध्यानात येऊन तिने जीभ चावली. मास्तर मात्र मनापासून हसले. त्या विषयावर त्या घरात झालेला विनोद तेवढाच.

मग फोटोवाला आला. पाण्याखालचे फोटो काढणारा, उंच, बडबड्या, कुठल्याशा मासिकासाठी बुडालेल्या मालवाहू जहाजाचे फोटो हवे होते त्याला. जहाज बरंच खोल होतं आणि तिथे जास्त वेळ राहायचं, म्हणजे साध्या हवेवर भागणार नव्हतं. अशा वेळी सिलिंडरमध्ये हवेबरोबर थोडा जादा ऑक्सिजन भरतात. त्याने खाली जास्त वेळ राहता येतं. पण प्रमाण चुकलं तर तोच ऑक्सिजन खोलवर विषासारखा होतो. माणसाला झटके येतात, तोंडातली नळी सुटते आणि मग संपलंच. म्हणून भरलेला प्रत्येक सिलिंडर मोजायचा, आकडा पट्टीवर लिहून वर चिकटवायचा आणि मगच बोटीवर चढवायचा. मोजायच्या यंत्राचं नाव ऑक्सिजन अ‍ॅनालायझर. दुकानात त्याला नुसतं मीटर म्हणायचे.

दुकानातलं मीटर म्हातारं झालं होतं. आकडा एका जागी ठरेना, थरथरायचा. आत सेन्सर असतो, बॅटरीसारखा, वापरा न वापरा तो झिजतच जातो. बायको म्हणाली, "सेन्सर बदलून टाका की."

"या मॉडेलचा सेन्सर आता बनत नाही. नवीनच घ्यावं लागेल."

"मग घ्या. त्यात काय एवढं?"

तिच्या दृष्टीने त्यात एवढं काहीच नव्हतं. पण मास्तरांना कित्येक दिवसांत पहिल्यांदाच खालच्या जगातलं काहीतरी स्वतः ठरवायला मिळत होतं. ते कामाला लागले. ओळखीच्या दुकानदारांना फोन केले, परत करायच्या बोलीवर तीन मीटरं मागवली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली. जेवायला दोघांना हातात ताट घेऊन बसावं लागलं. मास्तर एकेक मीटर उन्हात नेऊन आकडा दिसतो का पाहायचे, ओल्या हाताने बटणं दाबायचे, शुद्ध ऑक्सिजनवर धरून शंभरापर्यंत जातं की मध्येच मान टाकतं ते बघायचे. एक मीटर पहिल्याच दिवशी बाद झालं. सिलिंडरच्या तोंडावर त्याची टोपी नीट बसत नव्हती आणि बाहेरची हवा आत शिरायची. उरली दोन. एक ठोकळ्यासारखं, पिवळं, वजनदार, बाजूला फिरवायची खुंटी असलेलं. दुसरं मुठीत मावेल असं, देखणं, मोबाईलला जोडता येणारं. ते फोटोवाल्याने सुचवलेलं होतं. त्याच्याकडे तसलंच होतं.

"मास्तर, डोळे मिटून हे घ्या," फोटोवाला म्हणाला. "झटक्यात आकडा देतं. तो ठोकळा काय, दार अडवायला ठेवायचा."

बायको हसली. हसण्यासारखंच होतं ते. मास्तर हसले नाहीत.

त्यांनी ठोकळा घेतला. कारणं पक्की होती. देखण्या मीटरचा सेन्सर एकटी त्याची कंपनीच बनवते. तो संपला की त्यांच्या दारात ताटकळत बसा. ठोकळ्याला कुठलाही सेन्सर चालतो. मास्तरांनी रात्रीच्या जेवणाला हे सगळं बायकोला समजावून सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. "आणि त्याने सुचवलं नसतं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे तेच घेतलं असतं का?"

मास्तर पुन्हा सेन्सरवर बोलू लागले. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच जाणवलं की आपण सांगतोय ते अक्षर न अक्षर खरं आहे आणि तरी कानाला खोटं लागतंय. ती ताटं उचलून आत गेली.

दुसऱ्या आठवड्यापासून धक्क्यावर एक नवीन प्रकार सुरू झाला. मास्तर सिलिंडर मोजून, आकडा लिहून धक्क्यावर आणून ठेवायचे आणि फोटोवाला खिशातून आपलं मीटर काढून ते पुन्हा मोजायचा. मग बायकोही मोजू लागली. नियम असाच आहे, ज्याने श्वास घ्यायचा त्याने स्वतः मोजायचं. मास्तरांनीच तो तिच्या डोक्यात भरवला होता. सगळ्या वर्गासमोर म्हणायचे, "सख्ख्या भावाने भरला असला तरी मोजा. नवऱ्याने भरला असेल तर दोनदा मोजा." तेव्हा पोरं खिदळायची. तरीही लग्नानंतर इतकी वर्षं तिने मास्तरांचा आकडा नुसता वाचला होता, मोजला कधी नव्हता. आता मोजत होती, आणि तेही त्यांच्यादेखत. पण बोलायची सोय नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोन्ही मीटरांचे आकडे रोज जुळत, आणि जुळले की फोटोवाला अंगठा वर करी. त्या अंगठ्याने मास्तरांचं डोकं फिरायचं.

धक्क्यावर कुजबुज होतीच. होडीवाले बोलायचे, बहीण तर विचारायलाच आली. "दोघंच जातात का रे खाली?"

"खाली दोघांनीच जायचं असतं, ताई. एकट्याने जायचं नसतं."

"तसं नाही विचारत मी."

"ठाऊक आहे तू कसं विचारतेयस ते," मास्तर म्हणाले आणि कॉम्प्रेसर सुरू केला. त्या आवाजापुढे कुणाला काही विचारता येत नसे.

एके दिवशी सकाळी आकडे जुळले नाहीत. मास्तरांनी पट्टीवर बत्तीस टक्के लिहिलं होतं. फोटोवाल्याच्या मीटरने पस्तीस दाखवलं. बत्तिसाला जहाजापर्यंत जाता येत होतं, पस्तिसाला तेवढं खोल जाणं मर्यादेपलीकडचं होतं.

"तुझं खेळणं बिघडलंय," मास्तर म्हणाले.

"असेल," फोटोवाला म्हणाला, पण त्याने तोंड वाकडं केलं. बायकोने त्याच मीटरने दुसरा सिलिंडर मोजला. पुन्हा पस्तीस.

मास्तर तरातरा आत गेले आणि आपला पिवळा ठोकळा घेऊन आले. सगळ्यांसमोर लावला. बत्तीस. "बघा," ते म्हणाले. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज इतका मोठा झाला नव्हता. दोन होडीवाले कामं सोडून उभे राहिले.

बायकोने मास्तरांच्या हातातून मीटर घेतलं, सिलिंडरवरून काढलं आणि वाऱ्यात नुसतंच धरलं. उघड्या हवेत कुठलंही मीटर एकवीसच्या जवळपास दाखवतं. आकडा हळूहळू उतरत आला आणि एकोणीसवर थांबला.

तिने मास्तरांकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. मोजण्याआधी मीटर साध्या हवेवर एकवीसला लावून घ्यायचं असतं, आणि ते त्यांनी लावलंही होतं, वाऱ्याचा झोत नको म्हणून खोलीचं दार बंद करून. मीटर खोटं बोलत नव्हतं. ज्या हवेवर ते लावलं, ती हवाच साधी नव्हती.

ती खोलीकडे गेली. मास्तर मागोमाग गेले. दारातच ती थांबली आणि तिने मान तिरकी केली.

"ऐकू येतंय?" तिने विचारलं.

मास्तरांना काही ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी उजवा कान भिंतीकडे केला. कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या मोठ्या नळकांड्याच्या तोंडाशी बारीक सुसकारा चालू होता, चहाचं आधण उकळायला लागताना येतो तसा. बहुधा आदल्या दिवसापासून चालू असावा. त्या गळतीने बंद खोलीतल्या हवेत ऑक्सिजन वाढला होता, आणि त्याच हवेला एकवीस मानून मीटर सगळं कमी दाखवत होतं. त्यांची बसायची जागा अशी होती की डावा कान नेमका त्या कोपऱ्याकडे यायचा. तिने जाऊन नळकांड्याचा व्हॉल्व्ह घट्ट बंद केला आणि दार, खिडकी सताड उघडी टाकली. एखादी ठिणगी पडली असती तर काय झालं असतं, हे तिने म्हटलं नाही. त्यांना ते माहीत होतं.

बाहेर येऊन ती फोटोवाल्याला एवढंच म्हणाली, "आज नको. उद्या जाऊ."

दुपारी जेवणं झाल्यावर मास्तरांनी मनात कधीचं साठलेलं विचारून टाकलं. भांडायचं बळ उरलं नव्हतं, म्हणून सरळच विचारलं. "तुझं त्याच्याशी काही आहे का?"

बायको टेबल पुसत होती. "नाही."

"लोक म्हणतात."

"लोक म्हणतात तुम्ही त्याला पाण्यात पाहता," ती म्हणाली. "त्याला नाही पाहत. मला पाहता. मी खाली जाते ना, ते तुम्हाला सहन होत नाही. तो नसता तर आणखी कुणी असता, नाहीतर मासे असते."

तिने फडकं पिळलं, वाळत घातलं. मग पाठमोरीच म्हणाली, "मी तुमच्या आकड्यावर डोळे मिटून खाली गेले असते. कालपर्यंत तरी. तो तिथे होता म्हणून लाजेकाजेने मोजत होते, पाहुण्यासमोर नियम पाळायचा म्हणून. आणि आता..."

महिन्याभरात सिलिंडर भरायला एक पगारी माणूस आला, दोन्ही कान शाबूत असलेला. मास्तर पुढे काउंटरवर बसू लागले. गिऱ्हाइकांच्या पायांची मापं बघून पोहायचे पंख देणं, सूट वाळत घालणं, नावं लिहून घेणं. नवा माणूस पिवळा ठोकळा वापरायचा आणि त्याची तारीफ करायचा. तो कुणी निवडला हे त्याला ठाऊक नव्हतं. मास्तरांनी सांगितलं नाही.

फोटोवाला काम संपवून निघून गेला. जाताना त्याने मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. त्याच्या मनात खरंच काही नव्हतं, हे त्या वेळी मास्तरांना दिसलं, आणि दिसलं त्याने जास्तच वाईट वाटलं. दुश्मन असता तर निदान हरल्यासारखं तरी झालं असतं. आपलं देखणं मीटर तो बायकोला भेट देऊन गेला. काही महिन्यांनी त्याचा सेन्सर संपला आणि कंपनीकडून नवा येता येईना. मास्तरांनी ते पाहिलं. बोलून दाखवावं असं आता घरात कुणी नव्हतं, म्हणजे बायको होती, पण तिच्याशी आता जिंकण्या-हरण्याचं बोलणंच उरलं नव्हतं.

पुढच्या हंगामात तिला दुसऱ्या बंदरावरच्या एका मोठ्या शाळेने शिकवायला बोलावलं. तिने मास्तरांना विचारलं, मालकाकडे रजा मागावी तसं, नीट उभं राहून. मास्तर म्हणाले, "जा की. इथलं मी बघतो." इथलं बघायला आता फारसं काही नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. बहीण म्हणाली, "अरे, थांब म्हणायचंस." मास्तर म्हणाले, "कशासाठी थांब म्हणू?"

आता आठवड्यातून एकदोनदा फोन येतो. कॉम्प्रेसरचा फिल्टर बदलला का, विजेचा माणूस येऊन गेला का, गोळ्या वेळेवर घेता का. मास्तर सगळ्याची उत्तरं देतात. तिच्याकडे पाणी कसं आहे, खाली काय दिसतं, हे ते विचारत नाहीत आणि ती सांगत नाही. मग दोघांपैकी कुणीतरी "बरं" म्हणतं आणि फोन ठेवतं.